मेंदूतले छोटे हत्ती

शेवटची दोन वर्षं अम्मी मला आपला भाऊ समजत होती. ‘भाईजान, बाग खुडली का?’ असं विचारायची. त्यामुळे परवा माझ्या रक्ताच्या रिपोर्टात एचडीएल, म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’, भरपूर निघालं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, ‘मग माझी आठवण शाबूत राहील ना?’

ते हसले. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरतच नाही म्हणाले. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीरातलं सुमारे पंचमांश कोलेस्टेरॉल त्याच्यात असतं आणि ते तो स्वतःच तयार करतो.

आता चरबी काही पाण्यात विरघळत नाही. तिला वाहून न्यायला प्रथिनांची गाडी लागते. मेंदूतली मुख्य गाडी म्हणजे ‘एपो-ई’ हे प्रथिन. त्याचा ई-४ हा प्रकार आणि अल्झायमर यांचं नातं १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात उघड झालं. ई-४ असूनही कित्येकांना हा आजार होत नाही, हेही खरं.

२०२२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १८० वृद्धांच्या मणक्यातलं पाणी तपासलं. ज्यांच्या पाण्यात चरबी वाहणारे अगदी बारीक कण जास्त, ते बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरले. मग ई-४ असो वा नसो. त्यांच्या पाण्यात अमिलॉइडही जास्त होतं. इथे आपण अडखळतो, कारण अमिलॉइड तर मेंदूत साचणारा गाळ! पण गटार वाहतंय तोवर घाण बाहेर पडते; ते कोरडं दिसलं की समजावं, आत कुठेतरी तुंबलंय. तसंच हे.

आमच्या निफाडच्या शिवारात मोठा ट्रक बांधापर्यंत जात नाही, द्राक्षांचे क्रेट छोट्या हत्तीतूनच निघतात. मेंदूतही असंच काही होत असावं, पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अजून ठरायचं आहे. हे बारीक कण वाढवणारी गोळी बाजारात नाही.

मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी रक्ततपासणीला मान्यता मिळाली, तीही ज्यांना विसर पडू लागलाय त्यांच्यासाठी. धडधाकट माणसाने धावत जाऊन करून घ्यावी अशी ती नव्हे.

मात्र विसर पडू लागला तर थायरॉइड आणि बी-१२ या साध्या तपासण्या आधी करायच्या असतात. त्यांच्या कमतरतेनेही माणूस विसरतो आणि तो विसर औषधाने सुधारू शकतो. अम्मीच्या वेळी ‘वय झालं’ म्हणून आम्ही तेवढंही केलं नव्हतं.