मिसिंगनो कुणी लपवलेला नव्हता

गेमबॉयवरच्या ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’मध्ये विरिडियन शहरातल्या म्हाताऱ्याकडून पोकेमॉन पकडण्याचं प्रात्यक्षिक बघायचं, थेट सिनाबार बेटावर उडत जायचं आणि पूर्व किनाऱ्याला खेटून सर्फ करायचं. पडद्यावर तुटक्या चौकोनांचा ढीग उभा राहतो. नाव मिसिंगनो. गेम १९९८ साली अमेरिकेत आला, तेव्हापासून याच्याभोवती दंतकथांचं रान माजलंय.

निर्मात्यांनी लपवलेला हा गुप्त पोकेमॉन, ही पहिली दंतकथा. खरं तर गेममध्ये पोकेमॉनसाठी जागा १९० आणि पोकेमॉन १५१. उरलेल्या ३९ जागांवर ‘मिसिंगनो’ लिहून ठेवलंय, कार्यालयाच्या तक्त्यात ‘रिक्त’ लिहितात तसं. प्रात्यक्षिकात म्हाताऱ्याचं नाव दिसावं म्हणून गेम तुमचं नाव तात्पुरतं हलवतो, ते नेमकं जंगली पोकेमॉनच्या यादीच्या जागी. सिनाबारला स्वतःची यादी नाही. मग किनाऱ्यावर तुमच्या नावाची अक्षरंच पोकेमॉनचे क्रमांक म्हणून वाचली जातात. मित्राला वेगळा राक्षस भेटला, त्याचं कारण हेच.

दुसरी दंतकथा बक्षिसाची. पिशवीतल्या सहाव्या वस्तूचे १२८ नग वाढतात, हे खरं. बक्षीस मात्र नव्हे. मिसिंगनोचा पोकेडेक्समधला, म्हणजे पोकेमॉनच्या नोंदवहीतला, क्रमांक शून्य. ‘दिसला’ अशी खूण करताना गेम त्यातून एक वजा करतो आणि आठ बिटांच्या हिशेबात उत्तर येतं २५५. ‘दिसला’च्या खुणांची यादी तेवढी लांब नाहीच. मेमरीत तिच्या लगेच पुढे पिशवी आहे, आणि खूण पडते सहाव्या वस्तूच्या संख्येतल्या १२८च्या बिटावर. नग आधीच १२८ किंवा जास्त असतील, तर काहीच वाढत नाही. दुर्मिळ कँडीसारख्या वस्तूच्या लोभापायी हे कोण तपासतंय!

गेमच्या यादीतल्या, पण खेळाडूला न मिळणाऱ्या वस्तू म्हणजे अडगळ, हाही गैरसमजच. सातव्या क्रमांकाची वस्तू दुकानात मिळत नाही, तिचं नाव नुसतं पाच प्रश्नचिन्हं. पण तुम्ही सर्फ वापरता तेव्हा गेम आतून याच वस्तूला हाक मारतो. सफारी झोनमधलं आमिष आणि दगडही बोल्डर आणि कॅस्केड या बिल्ल्यांचे क्रमांक वापरतात. ‘८एफ’ मात्र खरी ग्लिच वस्तू. ती कुणी बनवलेलीच नाही. वापरली की तुमच्या ताफ्यातले पोकेमॉनच आज्ञा म्हणून चालवले जातात.

गेममधल्या बंदरावरच्या ट्रकखाली म्यू हा पोकेमॉन दडलाय, ही आणखी एक दंतकथा. तिथे तो नाही. तो शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी शेवटी, चाचणीची साधनं काढल्यावर उरलेल्या इवल्याशा जागेत बसवला होता.

आणि मिसिंगनोमुळे सेव्ह पुसली जाते? चित्रं विस्कटतात, ‘हॉल ऑफ फेम’च्या नोंदी बिघडतात, सेव्ह सहसा शाबूत राहते. तिचा खरा शत्रू कार्ट्रिजमधली नाण्याएवढी बॅटरी. ती संपली की सगळं गेलं. जुनी कार्ट्रिज घरी असेल, तर बॅटरी बदलण्याआधी सेव्हची नक्कल काढून घ्या.