हप्ता तोच, मुदत मात्र वाढली

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं माझी आई म्हणे. सासूबाई तेच कन्नडमधून सांगतात, ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु.’ कर्ज फेडून पाहावं, हे मात्र दोघींनीही सांगितलं नव्हतं!

टिळकवाडीतल्या घराचं कर्ज यांच्या निवृत्तीआधी फिटणार, असा आमचा हिशेब. हप्ता ठरल्याप्रमाणे कापला जात होता, म्हणून आम्ही निर्धास्त. २०२३ साली स्टेटमेंट आणलं, तर शेवटचा हप्ता निवृत्तीनंतर चार वर्षांनी!

कारण साधं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराच्या कर्जात अशा वेळी बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. सुरुवातीलाच दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर साडेपाच वर्षांहून अधिक काळ जादा भरावं लागतं. मुदत तीच ठेवली, तर हप्ता वाढतो जेमतेम १,३०० रुपयांनी.

दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्येच सांगितलं आहे. शिवाय व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही.

आम्ही अर्ज देऊन हप्ता वाढवून घेतला, दिवाळीचा बोनस मुद्दलात भरला. तुम्हीही स्टेटमेंट मागा आणि आधी शेवटच्या हप्त्याची तारीख पाहा.