दाबून भरलेली हवा

अमेरिकेच्या वेगवान कूपे : लेखांक ५

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चांगलंच गरम लागतं. लहानपणी प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं. हवा दाबली की ती तापते, एवढंच त्यामागचं कारण. आजच्या लेखातली काळी ब्यूक ग्रँड नॅशनल समजून घ्यायला हे एक निरीक्षण पुरेसं आहे.

मागच्या आठवड्यात आपण १९७५ च्या कॉर्वेटपाशी थांबलो होतो. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, आणि त्याच्या साध्या आवृत्तीची ताकद फक्त १६५ अश्वशक्ती. आधीच्या वर्षांच्या मानाने झालेली ही घसरण काही अंशी कागदावरची होती. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या इंजिनाला सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर वगैरे सगळं जोडून ताकद मोजू लागल्या. त्याआधीचे आकडे उघड्या इंजिनाचे होते. पण उरलेली घसरण खरी होती. प्रदूषणाचे कायदे आले, शिसं नसलेलं पेट्रोल आलं, त्यासाठी कम्प्रेशन उतरवावं लागलं. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं आणि मोठ्या इंजिनांचे दिवस भरले.

ब्यूककडे १९६२ पासून एक छोटं व्ही-६ इंजिन होतं. पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा त्याची कदर कुणाला नव्हती, म्हणून १९६७ मध्ये ते बनवण्याची सगळी यंत्रसामग्री कैसर-जीपला विकून टाकली. तेलसंकटानंतर तेच इंजिन १९७४ मध्ये परत विकत घ्यावं लागलं. घरातून मोडीत काढलेली भांडी अडीअडचणीला पुन्हा दाम मोजून आणावीत, तसाच हा प्रकार. पण ब्यूकच्या इंजिनिअरांनी त्या भांड्याचं सोनं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांनी त्याला टर्बोचार्जर लावला. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं पातं फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पातं असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं आणि छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढतं. १९७८ पासून अशा गाड्या विक्रीला आल्या. त्यांचा कार्ब्युरेटर मात्र या दाबाच्या खेळात अडखळायचा.

खरी अडचण होती त्या पंपाच्या गरम टोकाची. दाबलेली हवा तापून इंजिनात गेली की दोन तोटे होतात. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाबून भरण्याचा निम्मा फायदा वाटेतच जातो. शिवाय सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी आपोआप पेट घेतं. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात तो खडखडाट सुरू होतो, आणि तो वाढला तर पिस्टन फुटतो.

१९८४ मध्ये कार्ब्युरेटर गेला. प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल देणारं इंजेक्शन आलं, आणि ३.८ लिटरमधून २०० अश्वशक्ती मिळू लागली. १९८६ मध्ये इंटरकूलर आला. टर्बोतून निघालेली तापलेली हवा आधी रेडिएटरसारख्या एका जाळीतून फिरवायची, थंड करायची, मगच इंजिनात सोडायची. ताकद थेट २३५ वर गेली. इतरही फेरबदल होते, पण सिंहाचा वाटा या थंड हवेचा. (न्याय म्हणून सांगतो : फोर्डने १९८४ च्या मस्टँग एसव्हीओमध्ये इंटरकूलर आधीच बसवला होता. पण ते २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन तेव्हा १७५ वरच होतं.) १९८७ मध्ये ब्यूक ग्रँड नॅशनल २४५ वर पोचली. त्या वर्षी ब्यूकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्याच कॉर्वेटची ताकद होती २४०.

अश्वशक्तीपेक्षाही महत्त्वाचा होता टॉर्क. सुमारे ४८० न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला फक्त २००० फेऱ्यांना. टर्बोला वेग पकडायला क्षणभर लागतो, म्हणून सिग्नलवरून सुटण्याची एक खास रीत होती. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, त्यामुळे क्लच नाही. डाव्या पायाने ब्रेक घट्ट धरायचा, उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत जायचा. गाडी जागीच थरथरते, टर्बोची शीळ चढत जाते, हवेचा दाब वाढत जातो. मग ब्रेक सोडायचा.

शेवटच्या वर्षी ५४७ गाड्या वेगळ्या काढून त्यांची जीएनएक्स ही आवृत्ती तयार केली. टर्बोचं पातं सिरॅमिकचं, इंटरकूलर मोठा, मागचा अ‍ॅक्सल नव्या पद्धतीने बांधलेला. कंपनीने जाहीर केलेली ताकद २७६ अश्वशक्ती. प्रत्यक्षात ती तीनशेच्या आसपास होती, असं जाणकार मानतात आणि मलाही ते पटतं. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने ती शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत ४.७ सेकंदांत नेली. मुळात चार माणसांच्या कुटुंबाची बैठी ब्यूक, आणि हा वेग.

वळणावर मात्र ही गाडी कॅमॅरोच्या पासंगालाही पुरत नव्हती. वजन दीड टनाच्या वर, खाली जुन्या धाटणीची चौकट, मागे ड्रम ब्रेक. सरळ रस्त्यावर तिने भल्याभल्यांना मागे टाकलं, एवढं निर्विवाद.

शेवटची ग्रँड नॅशनल ११ डिसेंबर १९८७ रोजी मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक शहराच्या कारखान्यातून बाहेर पडली. ग्रँड नॅशनल ज्या रीगलवर बेतलेली होती, ती नव्या रूपात पुढच्या चाकांवर चालणारी झाली, तिच्यात या इंजिनाला जागा नव्हती. ते १९८९ च्या टर्बो ट्रान्स अ‍ॅममध्ये गेलं, आणि त्या गाडीने त्या वर्षीच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पेस कारचं काम केलं.

तुमच्या गाडीला टर्बो असेल, डिझेल असो वा पेट्रोल, तर इंजिन थंड असताना एकदा बॉनेट उघडा आणि इंटरकूलर कुठे बसवलाय ते शोधा. टर्बोपासून निघणारा जाड पाइप बोटाने धरत गेलात तर सापडेल. पुढच्या आठवड्यात फोर्ड मस्टँग ५.०. तिच्यात ना टर्बो, ना इंटरकूलर, तरीही आकडा २२५ चा आहे.