चालताबोलता जावे, पण न बोलता?

‘चालताबोलता जावे’ ही आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांची इच्छा. तसे न घडल्यास काय करावे, असे विचारले की मात्र विषय तिथेच थांबतो. अभद्र बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, ही आपली समजूत. परिणामी जो प्रश्न सवडीने आणि शांत चित्ताने सुटावयास हवा, तो अतिदक्षता विभागाच्या दारात, जागरणाने थकलेल्या नातलगांपुढे उभा राहतो. व्हेंटिलेटर लावावा का? लावलेला काढावा का? थोरला मुलगा एक सांगतो, परदेशातील मुलगी दुसरे. आणि ज्याचा देह, त्याचे मत कोणालाच ठाऊक नसते.

घरात जे बोलता येत नाही, ते सभागृहात बोलता येते. १८७५ साली न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. अवघड विषय चारचौघांत बसून ऐकावा, ही रीत पुढे मराठी ऐकले-वाचले जाते तिथे सर्वत्र रुजली. वैद्यकीय नीती आणि कायदा यांवरील जाहीर व्याख्यानांचे मोल आज याचसाठी आहे.

या विषयाची कायदेशीर वाटचाल प्रत्येक सुजाण नागरिकास ठाऊक असावी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर अखेरपर्यंत अंथरुणास खिळून राहिल्या. पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. तथापि जीवरक्षक उपचार थांबविण्यास उच्च न्यायालयाच्या अनुमतीने तत्त्वतः मान्यता दिली. १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंचे निधन झाले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्क मानला आणि वैद्यकीय इच्छापत्रास, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. परंतु त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक असल्याने हा हक्क बव्हंशी कागदावरच राहिला. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या डॉक्टरांच्याच संघटनेने दाद मागितल्यावर २४ जानेवारी २०२३ रोजी ही प्रक्रिया सुलभ झाली.

आता कोणीही सज्ञान, सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने इच्छापत्र करू शकते. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात देता येतात. ते केव्हाही लेखी रद्द करता येते. त्याचा अंमल, रुग्ण निर्णयक्षम उरला नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हाच होतो. तोही एका डॉक्टरच्या शब्दावर नव्हे. रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि नंतर दुसरे स्वतंत्र मंडळ, दोघांचे एकमत व्हावे लागते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे असते. निर्णय अमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

गोव्यात या हक्काचा प्रारंभ एका कार्यक्रमातूनच झाला, ही लक्षणीय गोष्ट होय. मे २०२४ मध्ये पर्वरी येथे, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र केले. राज्यात अशी नोंद करणारे ते पहिलेच. शेजारच्या कर्नाटकाने ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून हीच वाट खुली केली.

गैरसमज अर्थातच पुष्कळ आहेत. ‘सही केली की डॉक्टर लक्ष देणार नाहीत’, ‘मालमत्तेसाठी घरचेच घाई करतील’, ही भीती खरी असते. ती हसण्यावारी नेऊ नये. व्हेंटिलेटर थांबविणे म्हणजे शुश्रूषा थांबविणे नव्हे. वेदनाशमन आणि सोबत अखेरच्या श्वासापर्यंत चालूच राहते. इंजेक्शन देऊन जीवन संपविणे आजही गुन्हाच आहे. आपल्या परंपरेलाही हा विचार परका नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनार येथे अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला. त्यांना स्वमुखाने नकार देता आला. शुद्ध हरपलेल्या रुग्णाचा नकार मात्र आधी लिहिलेला कागदच सांगू शकतो.

म्हणून आपल्या व्याख्यानांची रचना थोडी बदलावी, असे सुचवावेसे वाटते. व्यासपीठावर डॉक्टर आणि वकील एकत्र असावेत. संकोच वाटणाऱ्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत. सभागृहाबाहेर मराठीतील नमुना-अर्ज ठेवावेत. मात्र त्याच दिवशी सही करण्याचा आग्रह नसावा. अर्ज घरी जावा, जेवणाच्या पानावर त्याची चर्चा व्हावी, मुलांनी प्रश्न विचारावेत. महिनाभराने दुसरी बैठक घ्यावी आणि तिला नोटरीस बोलवावे. आणि एक अपेक्षा आपल्या व्यवसायबंधूंकडून: श्रोत्यांना सांगण्यापूर्वी आपण आपले इच्छापत्र केले आहे का, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. रुग्णांची शेवटची घटका आपण रोज पाहतो. आपल्या घरी या विषयावर बोलणे झाले आहे, असे छातीवर हात ठेवून सांगणारे आपल्यात किती निघतील?