परीक्षेच्या वर्षी पाहिलेला चित्रपट

बारावीचे वर्ष असलेल्या घरात दूरचित्रवाणी संच मुका होतो, मोबाइल आईच्या कपाटात जातो आणि पाहुण्यांना 'यंदा नको, पुढच्या मे महिन्यात या' असे सांगितले जाते. अशा घरात मूल कार्टून पाहताना सापडले तर बोलणी दुप्पट बसतात. एक तर अभ्यास सोडून पाहत होता, आणि त्यातही काय, तर कार्टून! मराठी घरांना हे दृश्य परके नाही. जपानमधील घरांनाही ते कधीच परके नव्हते. १९५८ सालच्या अखेरीस, विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षा तोंडावर आलेल्या असताना, तोक्योतील तोयोतामा हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातला सतरा वर्षांचा एक विद्यार्थी असाच पुस्तके बाजूला ठेवून गुपचूप चित्रपटगृहात जाऊन बसला. पडद्यावर अ‍ॅनिमेशनपट होता. तो पाहून तो ढसाढसा रडला. त्या मुलाचे नाव हायाओ मियाझाकी.

'माय नेबर टोटोरो', 'स्पिरिटेड अवे' यांसारख्या चित्रपटांमुळे हे नाव पुढे जगभर गेले. २००३ आणि २०२४ साली ऑस्कर, २००२ साली बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, २०२४ सालीच मॅगसेसे पुरस्कार, ही यादी सर्वज्ञात आहे. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते. त्या हिवाळ्यात चित्रपटगृहात बसलेल्या मुलाला यातले काहीही ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच, की अभ्यास राहिला आहे, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे ते आपल्यालाच सांगता येत नाही. मियाझाकी यांनी पुढे आपल्या लेखांतून त्या दिवसांकडे वारंवार वळून पाहिले. एका विद्यार्थ्याने आपल्या शालेय जीवनाचा आणि आपल्या आवडीचा घेतलेला इतका प्रांजळ हिशेब विरळाच.

मियाझाकींचा जन्म १९४१ चा. वडील विमानांचे सुटे भाग बनविणाऱ्या कौटुंबिक कारखान्याचे संचालक होते. युद्धकाळात तेथे 'झीरो' या लढाऊ विमानांची सुकाणू तयार होत. चार भावांत हायाओ दुसरा, प्रकृतीने नाजूक. १९४७ साली आईला मणक्याचा क्षय झाला. आधी रुग्णालय, मग घरचे अंथरूण, असे ते आजारपण आठ वर्षे चालले. म्हणजे प्राथमिक शाळेपासून जवळजवळ हायस्कूलच्या उंबरठ्यापर्यंत या मुलाने आईला आजारीच पाहिले. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता. पण माणसे काही केल्या जमत नसत. विमाने, रणगाडे, युद्धनौका यांनीच वह्या भरत. मोठेपणी चित्रकथाकार व्हायचे, हे मनाशी ठरलेले. आणि माणूस काढता येत नाही, ही त्यातली पंचाईत.

दुसरी पंचाईत ओसामु तेझुका यांची होती. त्या काळी जपानमध्ये चित्रकथा काढू पाहणाऱ्या कोणत्याही मुलावर तेझुकांची छाया पडल्याशिवाय राहत नसे. आपली चित्रे त्यांच्यासारखीच होत आहेत, हे लक्षात आल्यावर या मुलाने आपली जुनी रेखाटने नष्ट करून टाकली. वयात येणाऱ्या मुलाचा हा ताठा मोठा वाटेल, परंतु त्यामागची अस्वस्थता खरी होती. याच सुमारास 'गेकिगा' नावाचा चित्रकथांचा नवा प्रवाह पुढे येत होता. मोठ्या मुलांसाठीच्या या कथा काळोख्या, कडवट आणि जगाविषयी फारशी आशा न बाळगणाऱ्या. शाळेच्या शेवटच्या वर्षातील मुलाला हा सूर आपला वाटला नसता तरच नवल. जग खोटे आहे, मोठी माणसे ढोंगी आहेत, भाबडेपणा हा मूर्खपणा आहे, असे म्हणत राहिले की आपण शहाणे ठरतो, असे त्या वयात वाटतेच. आपणही असेच काहीतरी लिहायचे, अशी त्याची समजूत होती.

अशा मनःस्थितीत त्याने जो चित्रपट पाहिला, त्याचे नाव 'हाकुजादेन', म्हणजे श्वेतनागाची आख्यायिका. २२ ऑक्टोबर १९५८ रोजी प्रदर्शित झालेला हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत अ‍ॅनिमेशनपट. तो काढणारी तोएई दोगा ही संस्था अवघी दोन वर्षांची होती आणि पूर्वेकडचे डिस्ने होण्याची तिची महत्त्वाकांक्षा होती. दिग्दर्शक ताइजी याबुशिता. यासुजी मोरी आणि अकिरा दाईकुहारा हे दोघे प्रमुख रेखाटनकार. गंमत म्हणजे पडद्यावरील सगळ्या पात्रांना आवाजही दोघांनीच दिले होते, एक नट आणि एक नटी.

कथा चिनी लोककथेवर बेतलेली. एका मुलाला एक पांढरा साप आवडतो. मोठी माणसे त्याला तो सोडून द्यायला लावतात. वर्षे लोटतात आणि तोच साप पाय-न्यान नावाच्या तरुणीच्या रूपाने त्याच्यासमोर येतो. ही मायावी आहे, हिच्यापासून तरुणाला वाचविलेच पाहिजे, या निश्चयाने एक भिक्षू दोघांची ताटातूट करतो. अखेर प्रियकराच्या प्राणांसाठी ती आपली मायावी शक्ती सोडून देते आणि सामान्य मानवी जीवन पत्करते. इच्छाधारी नागिणीच्या कथांवर वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात काही नवल वाटणार नाही. मध्येच गाणारा-नाचणारा पांडा येतो, विनोदाची ठिगळे लावली जातात आणि भिक्षूचे पात्र पुरेसे उभेही राहत नाही. अगदी तटस्थपणे पाहिले तर 'हाकुजादेन' हा भाबडा, अश्रुपूर्ण चित्रपट आहे. कडवटपणाचे व्रत घेतलेल्या मुलाने त्याची टिंगल करायला हवी होती.

टिंगल झाली नाही. तो पाय-न्यानच्या प्रेमात पडला. कागदावरच्या चित्राच्या प्रेमात पडलो होतो, हे मियाझाकी यांनी पुढे आडपडदा न ठेवता लिहिले. त्या वेळी आयुष्यात कोणी मैत्रीण नव्हती, ती जागा तिने घेतली, असेही ते सांगतात. परंतु त्यांच्या मते खरा धक्का वेगळाच होता. पडद्यावरच्या त्या व्यक्ती ज्या निष्ठेने, काही हातचे न राखता वागत होत्या, ती पाहून आपण करीत असलेले सोंग त्यांच्या लक्षात आले. जगाला नाकारण्याची भाषा आपण उसनी आणली आहे आणि आत कुठेतरी या जगाला हो म्हणण्याची तीव्र ओढ आहे, याची जाणीव त्यांना त्या चित्रपटाने करून दिली.

हे एखाद्या कार्टूनने का करावे, हा प्रश्न रास्त आहे. जिवंत नटांच्या चित्रपटात कॅमेऱ्याला पुष्कळ गोष्टी फुकट मिळतात. झाडाचे पान आपोआप हलते, नटीच्या चेहऱ्यावर तिला न कळत एखादी छटा उमटून जाते. अ‍ॅनिमेशनमध्ये फुकट काहीच मिळत नाही. केसाची बट वाऱ्यावर उडायची असेल तर ती कोणीतरी उडवावी लागते, आणि तीही एका सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी पुन्हा पुन्हा. पाय-न्यानचे दुःख कोणा नटीचे नव्हते; टेबलाशी वाकून बसलेल्या माणसांनी ते रेघेरेघेने तयार केले होते. भाबडी गोष्ट सांगण्यासाठी मोठ्या माणसांनी इतके कष्ट उपसले, ही गोष्ट चित्रे काढणाऱ्या मुलाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. शिवाय सतराव्या वर्षी मूल उपदेशाविरुद्ध चिलखत घालून बसलेले असते. शिक्षक, पालक, पुढारी कोणी बोलू लागले की ते चिलखत घट्ट होते. कार्टून तर लहान मुलांसाठीच असते, त्याच्यापुढे कोण सावध राहणार?

येथवरची गोष्ट ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, की आता तो मुलगा शाळा सोडून स्टुडिओच्या दारात जाऊन उभा राहिला असेल. तसे घडले नाही. त्याने परीक्षा दिली आणि १९५९ साली गाकुशुइन विद्यापीठात प्रवेश घेतला. विषय राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. त्यातही जपानी उद्योगांचा अभ्यास. विद्यापीठात चित्रकथांचे मंडळ नव्हते, तेव्हा त्यातल्या त्यात जवळचे म्हणून बालसाहित्य अभ्यास मंडळात नाव घातले. शाळेतल्या जुन्या चित्रकला शिक्षकांकडे जाणे-येणे चालू राहिले. त्यांच्या चित्रशाळेत रेखाटने करायची, मग राजकारणापासून जगण्यापर्यंत वाटेल त्या विषयावर गप्पा मारायच्या. चार वर्षांत त्याने कथांच्या प्रारंभांची हजारो पाने काढली. एकही कथा पूर्ण झाली नाही. या काळाला वाया गेलेली वर्षे म्हणावे की तयारीची, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते.

१९६३ साली पदवी हाती आली आणि मियाझाकी तोएई दोगात रुजू झाले. पगार १९,५०० येन. त्यातले ६,००० येन साडेचार चटयांच्या खोलीच्या भाड्यात जात. काम मिळाले ते 'मधल्या' चित्रांचे. अनुभवी रेखाटनकार हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था काढतो. उदाहरणार्थ, हात खाली आहे, हात वर गेला आहे. या दोहोंच्या मधल्या, हात हळूहळू वर जात असल्याच्या चौकटी नवख्याने भरायच्या. आपली रेघ त्यात कोठे दिसता कामा नये. 'हाकुजादेन'ने जे दार उघडले, त्याच्या आत असे कारकुनी काम मांडून ठेवले होते. आपण चुकलो, चित्रकथाच काढायला हव्या होत्या, असे त्यांना वाटू लागले. नोकरी सोडण्याचा विचारही मनात घोळत होता. त्या अवस्थेत त्यांनी लेव आतामानोव यांचा 'द स्नो क्वीन' (१९५७) हा सोव्हिएत अ‍ॅनिमेशनपट पाहिला. बर्फाच्या राणीने पळविलेल्या मित्राला सोडवायला निघालेली अनवाणी गेर्दा त्यांनी पाहिली आणि ते थांबले. पहिल्या चित्रपटाने त्यांना ओढून आणले होते. दुसऱ्याने जागेवर बसविले. या दुसऱ्या प्रसंगाचा उल्लेख त्यांच्या चाहत्यांच्या लेखनात कमी आढळतो, तो अधिक व्हायला हवा. आवड पहिल्या भेटीत जडते हे सगळेच सांगतात. रोजच्या कंटाळ्यात ती टिकली कशी, हे सांगणारे थोडे.

शाळकरी वयाची ही शिदोरी पुढे त्यांच्या चित्रपटांत जागोजागी उलगडली गेली. 'टोटोरो' (१९८८) मधील दोन बहिणींची आई रुग्णालयात आहे. धाकटी मेई एके दिवशी हट्टाने थोरलीच्या शाळेत येते, बाई तिला वर्गात बसू देतात आणि ताईच्या शेजारी बसून ती मन लावून टोटोरोचे चित्र काढते. वर्ग, फळा, ओशाळलेली ताई आणि चित्रात गढलेले मूल, असा हा छोटासा प्रसंग आहे. आजारी आईच्या घरातला मुलगा शाळेत बसून काय करीत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

'टोटोरो'बद्दल पालक मियाझाकींना कौतुकाने सांगत, की आमचे मूल हा चित्रपट पुन्हा पुन्हा, कितीतरी वेळा पाहते. चित्रकाराला याचा आनंद व्हावा. त्यांना मात्र धास्ती वाटे. असा चित्रपट वर्षाकाठी एकदा पाहावा आणि बाकीचा वेळ मुलांनी बाहेर खेळण्यात घालवावा, असे त्यांचे मत. स्वतः पाय-न्यानसाठी पुन्हा पुन्हा चित्रपटगृह गाठणाऱ्या माणसाने हे सांगावे, यात विसंगती आहेच. पण त्या मुलाला चित्रपट पाहण्यासाठी घरातून निघून कोठेतरी जावे लागत होते आणि तो संपल्यावर परत यावे लागत होते. बैठकीच्या खोलीत दिवसभर फिरत राहणारी ध्वनिचित्रफीत ही वेगळी वस्तू आहे.

परीक्षेच्या वर्षाकडे ते सरळ वळले ते 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' (१९९५) या चित्रपटात. चित्रकथा आओई हिइरागी यांची, दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांचे, पटकथा मियाझाकींची. नायिका शिझुकु नववीतली. जपानमध्ये हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेचे ते वर्ष. तिला आवडणारा मुलगा व्हायोलिन बनविण्याची कला शिकायला इटलीला निघतो, आणि आपल्याजवळ असे काहीच नाही या जाणिवेने कासावीस झालेली शिझुकु अभ्यास बाजूला सारून गोष्ट लिहायला बसते. गुण कोसळतात. थोरली बहीण संतापते. मग आई-वडील तिला समोर बसवतात. मराठी घरात या प्रसंगाचा शेवट काय होईल, ते सांगायला नको. वडील तिला लिहू देतात. मात्र चारचौघांहून वेगळ्या वाटेने जाणे सोपे नसते आणि पुढे काही बिघडले तर दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही, एवढे बजावतात.

शिझुकुची गोष्ट पूर्ण होते. ती कच्ची आहे, हे तिचे तिलाच आधी कळते. पहिला वाचक असलेले वृद्ध दुकानदार निशी आजोबा ती संपूर्ण वाचतात. नुकत्याच खणून काढलेल्या खड्यासारखी ती ओबडधोबड पण अस्सल आहे, असे सांगतात, आणि रडणाऱ्या मुलीला गरम शेवयांचा वाडगा करून देतात. रात्री उशिरा ती घरी पोहोचते. आई जागी असते. काळजी करू नकोस, तूर्तास मी पुन्हा परीक्षेची विद्यार्थिनी होते, असे आईला सांगून शिझुकु आपल्या खोलीत जाते आणि कपडेही न बदलता झोपून जाते.