गर्भातील दातांची मोजणी

बरकतपुऱ्यात माझे मामा राहतात. त्यांना जन्मापासून मोजके चारच दात; घामही येत नाही. म्हणून ताईला पाचवा महिना लागताच आई धास्तावली.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे : दुधाच्या वीस दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या आठवड्यापासून फुटू लागतात. पुढे सोनोग्राफीत ते जबड्याच्या कमानीवर काळसर ठिपक्यांसारखे दिसतात. दात व घामाच्या ग्रंथी यांची घडण गर्भाच्या बाह्य थरातून सुरू होते. म्हणून अंकुर फारच कमी दिसले, तर घामाविषयीही शंका येते. मुलगा की मुलगी हे सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. दातांविषयी सांगण्यास नाही.

ताईच्या बाळाचे अंकुर भरपूर दिसले. नसते दिसले, तरी हैदराबादच्या उन्हाळ्यात त्याला कसे जपायचे, हे आधीच ठरवता आले असते.