ओळखीची चाल, बारा रूपं

‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल माहीत नाही असं कुणी कॉलेजच्या कट्ट्यावर शोधून सापडायचं नाही. बालवाडीत ती पाठ झाली आणि तिथंच सुटली. पण याच चालीवर मोझार्टनं पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स लिहिली आहेत, हे ठाऊक आहे?

गंमत म्हणजे मोझार्टला ‘ट्विंकल’ माहीतच नव्हतं! जेन टेलरची ती इंग्रजी कविता छापली गेली १८०६ मध्ये. मोझार्ट गेला १७९१ मध्ये. त्याच्यापुढे होती एका फ्रेंच गाण्याची चाल. १७८१-८२ च्या सुमारास त्यानं ती हाती घेतली, तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सुटलेली आणि व्हिएन्नात शिकवण्या नि कार्यक्रम करून पोट भरणं चाललेलं.

हा प्रकार आपल्याला परका नाही. तबल्याच्या परीक्षा दिलेल्या मित्राला विचारा. कायदा आधी आहे तसा वाजवायचा, मग त्यातलेच बोल फिरवून पलटे करायचे. बाहेरचा बोल घ्यायची मुभा नाही. मोझार्टचं बंधन जरा वेगळं. चालीचा सांगाडा कायम ठेवायचा, बाकी मोकळीक.

इअरफोन लावा आणि ऐका. पहिल्या व्हेरिएशनमध्ये उजवा हात भराभर स्वर विणतो, दुसऱ्यात ती धावपळ डाव्याकडे जाते. तिसऱ्या-चौथ्यात एका मात्रेत तीन-तीन स्वर. आठवं आलं की थबकाल. गंधार कोमल होतो आणि बालवाडीतली ती चाल एकदम उदास वाटायला लागते. अकरावं निवांत, आणि बारावं तीन मात्रांच्या ठेक्यात धावत सुटतं. चाल तीच, पण कंटाळा कुठंच नाही.

आता आपलं बघा. युवा महोत्सवाची तालीम सुरू झाली की ‘काहीतरी नवीन पाहिजे’ म्हणत आपण दर दोन दिवसांनी गाणं बदलतो. शेवटी एकही धड बसत नाही. यंदा उलटं करा. एकच गाणं धरा. त्याची लय बदला, वाद्य बदला, संथ म्हणून बघा, नुसत्या टाळीवर म्हणून बघा. बारा तऱ्हा करूनही नाहीच जमलं, तर खुशाल दुसरं गाणं घ्या!